नव्वद फेऱ्या

डिझेल घेण्यात त्याचे तीन फायदे होते. पहिला, किलोमीटरमागे वाचणारे पैसे. हा चारचौघांत बोलून दाखवण्यासारखा होता आणि तो बोलून दाखवत होताच. दुसरा, विकताना डिझेल गाडीला भाव बरा येतो. हे त्याला ऑफिसातल्या पाच जणांनी सांगितलं होतं, आणि त्यातल्या ज्या दोघांनी जन्मात गाडी विकली नव्हती त्यांनी जास्त ठासून सांगितलं होतं. तिसरा फायदा त्याने कागदावर लिहिला नव्हता. पण माणूस हिशेब मांडायला बसला की न लिहिलेला आकडाच बाकीच्या आकड्यांना हाताला धरून आपल्याकडे ओढत नेतो. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याचा धंदाच तो होता.

तो एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता. बावीस वर्षं. नकाशा समोर पसरला की विटा किती, सिमेंट किती, सळई किती, दारांच्या बिजागऱ्या किती, हे तो दुपारच्या चहापर्यंत सांगायचा. पाण्यात म्हैस आणि वर मोल, असं बायको म्हणायची. तर तेच मोल करायचा त्याला पगार मिळत होता. काम शिकवणारे जुने साहेब एक नियम सोडून गेले होते: प्रत्येक मालात पाच टक्के नासाडी धर. विटा फुटतात, सिमेंट भिजतं, माणसं चोरतात. गाडीचा कागदही त्याने तसाच केला होता, पट्टीने रकाने आखून, डाव्या बाजूला कारण, मग अंतर, मग वर्षातल्या फेऱ्या, मग गुणाकार, आणि उजवीकडे पाच वर्षांची बेरीज. शोरूममधल्या बाईंनी तो चष्मा कपाळावर सरकवून वाचला. पन्नाशीच्या होत्या, दिवसभर उभ्या राहून दमल्या असाव्यात, टेबलाखाली बूट काढून एका पायाने दुसरा पाय चोळत होत्या.

“वा,” त्या म्हणाल्या, “सगळीच गिऱ्हाइकं अशी तयार होऊन आली तर आमची नोकरी जायची.” मग बोट खाली सरकू लागलं. “ऑफिस. बाजार. मुलीची शिकवणी. बाबा.” बोट थांबलं. “बाबा म्हणजे?”

“वडील. एकशे साठ किलोमीटरवर असतात. एकटेच. महिन्यातून दोनदा जाणं होतं.”

“वय?”

“एक्क्याऐंशी.”

“आणि हिशेब पाच वर्षांचा.” त्यांनी पेन्सिल उचलली. “पाच वर्षं कशी काय धरलीत?”

त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. टायर किती चालतील, बॅटरी किती टिकेल, असंच त्यांनी विचारलं होतं. आणि कागद त्याने स्वतःच पुढे केला होता. “अंदाजाने,” तो म्हणाला, आणि बावीस वर्षं रोज तोंडात असलेला हा शब्द त्याला पहिल्यांदा जिभेवर खरबरीत लागला. समोर काचेपलीकडे पांढरी गाडी गोल गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर उभी होती, तिचं तोंड हळूहळू त्याच्याकडे वळत होतं. त्याने कागद उलटा आपल्याकडे ओढला. इतर सगळ्या ओळींत नासाडी धरलेली होती. बाजाराच्या फेऱ्यांत धरली होती, शिकवणीच्या सुट्ट्यांतसुद्धा धरली होती. बाबांच्या ओळीत नव्हती. चोवीस गुणिले पाच, सरळ, गुळगुळीत, एकही वीट न फुटता. बाई म्हणाल्या, विचार करून या, घाई नाही, दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत. घाई नाही हे त्या रोज दहा जणांना सांगत असतील. तरी बाहेर फुटपाथवर येईपर्यंत त्याला वाटत राहिलं की कुणी तरी आपला खिसा उलटा करून दाखवला, आणि त्यातून जे पडलं ते नाणं नव्हतं.

खरं गणित एवढंसं होतं. ऑफिस, बाजार, शिकवणी मिळून वर्षाला साडेसहा हजार किलोमीटर. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा जेवढी महाग होती तेवढे पैसे तेलात वसूल व्हायला वर्षाला बारा हजार तरी हवेत, आणि तेही पाच वर्षं. मधली साडेपाच हजारांची दरी बाबांकडच्या फेऱ्यांनी भरायची. जाऊन-येऊन तीनशेवीस, म्हणजे वर्षाला अठरा फेऱ्या, पाच वर्षांत नव्वद. नव्वद वेळा बाबा त्यांच्या घरी, त्यांच्या खुर्चीत, जिवंत सापडले पाहिजेत. तर डिझेल परवडणार. आणि बाबा इकडे राहायला आले तर पेट्रोल. वर्षभरात ते दोनदा न्हाणीघरात पडले होते. दुसऱ्यांदा शेजारच्या नर्सबाईंनी दार तोडवून त्यांना बाहेर काढलं होतं, आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता यांना एकटं ठेवू नका, काय ते महिन्याभरात ठरवा. त्या महिन्याचे तीन आठवडे उलटले होते. घरात तीन आठवडे गाडीबद्दल बोलणं चाललं होतं. त्यांच्या घरात असंच व्हायचं: मुलीला वेगळी खोली द्यायची की नाही हे पडद्यांच्या कापडावर ठरलं होतं, आणि बायकोने नोकरी धरायची की नाही हे फ्रिज किती लिटरचा घ्यायचा यावर. बोलायचं ते कधी नावाने बोलायचं नाही, वस्तूच्या आडून बोलायचं, हा त्यांचा रिवाज. आणि तो त्याच्याकडूनच घरात आला होता.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घरी आली की तिला आडून बोलण्याचा कंटाळा यायचा. तो कागद तिने जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगाखाली अर्धा भिजलेला, उभ्या उभ्या वाचला.

“महिन्यातून दोनदा?” ती म्हणाली. “गेल्या वर्षी किती वेळा गेलात?”

“गेल्या वर्षी जुन्या गाडीचं...”

“किती वेळा?”

“नऊ.”

“म्हणजे कागदावर तुम्ही चांगला मुलगा झालात. छान आहे. अक्षरही छान आहे.” तिने जग उचलून बाजूला ठेवला. “अहो, तुम्हाला गाडी घ्यायचीय की बाबांची सोय लावायचीय, हे एकदा स्वतःशी ठरवा. मुलीची खोली मोकळी करायची असेल तर मला फक्त दोन दिवस आधी सांगा. ती हॉलमध्ये अभ्यास करेल, मी बोललेय तिच्याशी. सकाळी मी नऊला निघते, तोवरचं मी बघेन. दुपारी कुणी बाई ठेवू. पण उद्या खापर माझ्या डोक्यावर फोडू नका, की हिला चाललं नसतं. मला चालतं.”

हे त्याला नको होतं. तिने कुरकुर केली असती, खोल्या तीनच आहेत म्हणाली असती, मुलीचं परीक्षेचं वर्ष पुढे केलं असतं, तर त्याला टेकायला भिंत मिळाली असती. ती सरळ बाजूला झाली आणि समोर तो एकटाच उरला. त्याने कागद घडी करून खिशात घातला. “बघू,” तो म्हणाला. बायकोने ताटं गोळा केली. ‘बघू’ या शब्दाचा तिचा जुना परिचय होता. संसारात त्याने दिलेली सगळ्यात टिकाऊ वस्तू तीच होती.

रविवारी ताईचा फोन आला. ताई विमानाने अकरा तासांवर असायची, आणि अंतराप्रमाणे तिची माया वाढत गेली होती. “पेट्रोल घे रे,” ती म्हणाली, कारण ताईलाही रिवाज माहीत होता. “बाबा तुझ्याकडे आले की कुठे एवढं हिंडायचंय? मी पैसे पाठवेन बाईचे. की तुमच्याकडे काही अडचण आहे?” तो खिडकीशी उभा होता. खाली कुणी तरी गाडी मागे घेत होतं, पुढे घेत होतं, पुन्हा मागे घेत होतं, जागा पुरेशी असूनही. “नाही, अडचण अशी नाही,” तो म्हणाला, “पण हिची नोकरी, मुलीची परीक्षा...” आणि वाक्य तिथेच सोडलं. ताईने ते पलीकडून उचललं. “समजलं,” ती म्हणाली. “ती काय, परक्याची लेक. तिला किती बोलणार?” त्याने तोंड उघडलं होतं. खालची गाडी एकदाची बसली, चालक उतरला, चारी बाजूंनी पाहून समाधानाने निघून गेला. त्याने तोंड मिटलं. एका मिटलेल्या तोंडाची किंमत काय असते हे त्याला तेव्हा मांडता आलं असतं, पण तो दमला होता. अलीकडे तो सदाच दमलेला असायचा. झोपून जाणारा हा थकवा नव्हता, एका जागी फार वेळ पायांच्या बोटांवर उभं राहिल्यासारखा होता.

बोटांवर उभं राहण्याचीच तर गोष्ट होती. बाबा पाण्याच्या पंपावर इंजिन चालवायचे. एकतीस वर्षं, पाळीने. लोखंडी चाक माणसापेक्षा उंच होतं आणि ते फिरू लागलं की शेडची जमीन कुणीतरी खालून ठोठावल्यासारखी थरथरायची. रात्रपाळी करून बाबा सकाळी घरी यायचे, अंगाला डिझेलचा वास, मानेच्या घडीत काजळीची रेघ, आणि झोपायचे. मग दिवस सुरू व्हायचा तो कुजबुजत. आई भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची. ताई आणि तो टाचा उचलून चालायचे. दाराची कडी बोटाने आवळून, श्वास धरून, इंचाइंचाने सोडायची हे त्याला लिहायला यायच्या आधी येत होतं. बाबा कधी ओरडले नाहीत. हात तर उगारलाच नाही. चमचा पडला तर ते उठून दारात येऊन उभे राहायचे, बनियनवर, डोळे लाल, आणि नुसते बघायचे. रागाने नाही. कुठला भाग वाजला हे शोधल्यासारखे. मग परत जाऊन झोपायचे, आणि ज्याच्याकडे बघितलं तो दिवसभर वाजायचा बंद व्हायचा. आता त्याच्या स्वतःच्या घरात सुट्टीच्या दिवशी मुलगी गाणी लावायची, बायको कपाटाची दारं आपटायची, मिक्सर चालायचा, आणि या गोंगाटात तो वर्तमानपत्र घेऊन बसला की त्याला अंगावर ऊन आल्यासारखं वाटायचं. हा तिसरा फायदा. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, बावीस वर्षांची नोकरी, स्वतःच्या नावावर तीन खोल्या. आणि त्याला भीती होती चमचा पडण्याची. हे बायकोला कसं सांगणार? ताईला तर सांगायलाच नको, तिने तीच भीती विमानात बसवून अकरा तास लांब नेली होती.

गंमत अशी की बाबांना आता चमचा ऐकूच आला नसता. इंजिनाने त्यांचा डावा कान संपवला होता आणि उजव्यात थोडंफार उरलं होतं. त्याला हे ठाऊक होतं. पण भीतीला कान नसतात. ती ज्या वयात बसली त्याच वयाची राहते.

पुढच्या शनिवारी तो गेला. जुन्या गाडीने, तीन तास. बाबा फाटकाशीच उभे होते, काठीवर, उजवा कान गाडीकडे करून. इंजिन बंद होईपर्यंत काही बोलले नाहीत. “एक सिलिंडर दमलाय,” मग म्हणाले, “तिसरा असेल. चल आत.” आत सगळं जागच्या जागी होतं, एकट्या माणसाच्या घरात वस्तूंना हलायला कारणच नसतं. न्हाणीघराच्या दाराला नवी फळी मारलेली दिसत होती, तिला अजून रंग नव्हता. बाबांनी चहा केला, हात थरथरत होते म्हणून कप अर्धेच भरले. वजन उतरलं होतं. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकत होतं. नर्सबाई डोकावून गेल्या, “आलात का? बरं झालं,” एवढंच म्हणाल्या, पण ‘का’वर जरा जोर होता. मग दोघं बसले. बोलण्यासारखं एकच होतं, आणि त्याने ते रिवाजाप्रमाणे काढलं.

“बाबा, नवी गाडी घेतोय. पेट्रोल घेऊ की डिझेल?”

एकतीस वर्षं डिझेलवर जगलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे देवळात जाऊन देव आहे का विचारण्यासारखं होतं. बाबा डिझेलबद्दल नेहमी माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. पेट्रोलचं इंजिन म्हणजे चुरचुरीत, आज आहे उद्या नाही. डिझेल सावकाश तापतं, पण एकदा तापलं की शब्दाला जागतं. उत्तर ठरलेलंच होतं आणि त्याला तेच हवं होतं. बाबांनी स्वतः डिझेल म्हणावं, म्हणजे त्यांच्याच तोंडून ठरेल, की मी इथे आणि तू तिथे.

“किती चालणार?” बाबांनी विचारलं.

“चौदा हजार. वर्षाला.”

“ऑफिस किती लांब?”

“नऊ.”

बाबा उजवा कान त्याच्याकडे करून बसले होते, डोळे खिडकीकडे. ओठ किंचित हलत होते. ते गुणाकार करत होते हे त्याला उशिरा कळलं. “त्याचे साडेचार,” बाबा म्हणाले. “बाजारहाट धर दोन. उरले साडेसात हजार.” थांबले. “ते मी.”

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला.

“पेट्रोल घे,” बाबा म्हणाले.

“तुम्ही पेट्रोल म्हणताय?”

“डिझेलला चालवावं लागतं रे. रोज थोडं थोडं नाही, लांब. नाहीतर आतल्या आत काजळी धरतं. तुला नाही जमायचं.” आणि उठून, भिंतीला हात धरत, कप विसळायला गेले. कप त्यांच्या हातून मोरीत पडला, फुटला, आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांना तो ऐकूच आला नव्हता. बोटांना काही तरी कमी लागलं म्हणून ते मोरीत चाचपत राहिले.

परतीच्या तीन तासांत त्याने ‘पेट्रोल घे’ हे दोन शब्द दोन्ही बाजूंनी उलटून पाहिले. एका बाजूने त्याचा अर्थ होता: मी येतो तुझ्याकडे, आता मला नाही जमत. दुसऱ्या बाजूने: तू काही यायचा नाहीस, आणि मीही फार दिवस नाही, उगाच पैसे घालू नकोस. दोन्ही अर्थ बाबांच्या तोंडात बसत होते. कुठला खरा, हे कळायला एक प्रश्न पुरेसा होता, आणि तो विचारायला तो चाळीस मिनिटं त्यांच्या समोर बसला होता. रस्ता सपाट होता, दोन्ही बाजूंना विजेचे खांब, मधे मधे बंद पडलेली गोदामं. त्याला झोप येत होती. घाटासारखं एक वळण लागलं तिथे त्याच्या मनात आलं, की बाबांनी पहिला अर्थ धरून म्हटलं असेल तर ते या क्षणी सामानाची पेटी खाली काढायला स्टुलावर चढत असतील. त्याने गाडी बाजूला घेतली. फोन हातात घेतला. नर्सबाईंना सांगायचं, जरा बघून या. मग वाटलं, त्यांना काय सांगणार, की कशासाठी? फोन ठेवला. पाच मिनिटांनी निघाला. बाबा पडले नाहीत. म्हणजे एकतर ते चढले नाहीत, किंवा चढून नीट उतरले; त्याने हेही कधी विचारलं नाही.

मंगळवारी त्याने डिझेल घेतली. राखाडी. शोरूममधल्या बाईंनी सही घेताना विचारलं, “ठरलं मग पाच वर्षांचं?” आणि त्या हसल्या, तोही हसला. ऑफिसात त्याने सांगितलं, वडिलांकडे जाणं-येणं असतं ना, म्हणून. सगळ्यांना ते फार आवडलं. रोखपाल म्हणाला, “असा मुलगा सगळ्यांना मिळो,” आणि त्याच्याकडून पेढ्यांऐवजी केक मागितला. केक आला. फरकाची रक्कम पगारातून हप्त्याने कापली जाऊ लागली. पहिल्या महिन्यात बोचली, तिसऱ्यात सवय झाली. ताईने फोनवर फक्त “अच्छा, डिझेल का,” एवढंच म्हटलं, आणि नंतरच्या फोनला भावजयीला निरोप द्यायची विसरली. त्याच्या पुढच्या फोनलाही विसरली. बायकोच्या ते लक्षात आलं. “ताईंचं काय बिनसलंय माझ्याशी?” तिने विचारलं. “कुठे काय,” तो म्हणाला. बायको लॅबमध्ये रोज शंभर नळ्या बघणारी. पातळ झालेलं तिला नुसत्या रंगावरून कळतं. तिने विषय सोडला, पण सोडताना त्याच्याकडे क्षणभर बघितलं, कुठला भाग वाजला हे शोधल्यासारखं.

आणि तो जात होता. पहिल्या महिन्यात तर तीन वेळा गेला. बाबांसाठी दुपारची बाई ठेवली, न्हाणीघरात धरायला दांडा लावून घेतला, फळीला रंग दिला. दुसऱ्या महिन्यात दोनदा. तिसऱ्यात टेंडर होतं, एकदा. चौथ्यात मुलीची परीक्षा, आणि मग परीक्षा संपली तरी तो आळस तसाच उरला. पाचव्यात एकदा, सकाळी जाऊन दुपारी परत. सहाव्यात नाही. दर शनिवारी सकाळी तो किल्ली हातात घ्यायचा आणि मग ती घेऊनच सोफ्यावर बसून राहायचा, मिक्सर ऐकत. बाबा फोनवर कधी ‘ये’ म्हणत नसत. गाडी कशी आहे विचारायचे. थंडीत पटकन चालू होते का? धूर? आवाज? तो सांगायचा, उत्तम आहे. “मग झालं,” बाबा म्हणायचे.

सातव्या महिन्यात, ऑफिसला जाताना सिग्नलला उभा असताना, समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. बारीक ठिपक्यांनी भरलेल्या डब्यासारखं चित्र. शनिवारी तो गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडलंसुद्धा नाही, आत बसून किलोमीटरचा आकडा पाहिला, महिने विचारले, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “साहेब, ही गाडी घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, एवढीच ना?”

“नाही, वडिलांकडे...”

“हे वडिलांकडे गेल्याचे किलोमीटर नाहीत.” तो सहज म्हणाला. त्याला आकडे वाचायचे पैसे मिळत होते. “काजळी साचलीय फिल्टरमध्ये. धूर बाहेर जाऊ नये म्हणून ती तिथे अडते, आणि गाडी लांब पळाली, तापली, की आपोआप जळून जाते. तुम्ही तापूच देत नाही. पाच-दहा किलोमीटर झाले की बंद. आता एक करा. मोठ्या रस्त्याला लागा, एका वेगात, पाऊण तास, न थांबता. दिवा विझेल. नाही विझला तर फिल्टर बदलावा लागेल,” आणि त्याने किंमत सांगितली. नाकापेक्षा मोती जड. पाच वर्षांत जेवढं वाचायचं होतं ते सगळं एका डब्यात.

संध्याकाळी त्याने बाबांना फोन केला. हा विषय असा होता की त्यावर दोघांना बोलता येत होतं. बाबांनी सगळं दोनदा विचारून घेतलं, दिव्याचं चित्र कसं आहे तेसुद्धा. त्यांच्या काळात असले डबे नव्हते, तरी त्यांना कळलं. आवाजात बऱ्याच दिवसांनी तेल घातल्यासारखं काहीतरी होतं. “काढ ना मग तिला लांब,” ते म्हणाले. “उद्या रविवार आहे. इकडेच ये. दोन्हीही कामं होतील.” मग जरा थांबून, घाईने, “आणि हे बघ. दिवा वाटेत विझला तरी थांबू नकोस. विझला म्हणजे सगळं जळालं असं नसतं. तळाशी राहतं. पूर्ण ये, म्हणजे साफ होईल.”

इतक्या वर्षांत बाबांनी ‘ये’ म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. आज एका फोनवर दोनदा म्हटलं होतं, इंजिनाच्या आडून.

रविवारी सकाळी तो निघाला. एकटाच. मोठा रस्ता लागल्यावर वेग धरला आणि तसाच ठेवला. गाडी हळूहळू बदलत गेली. सुरुवातीची घरघर खाली बसली, स्टिअरिंगमधून हातात एक भरीव गुंजन आलं, शेडच्या जमिनीसारखं, फक्त दूरचं. जळाल्याचा उग्र वास क्षणभर आत आला आणि गेला. त्याने खिडकी उघडली, मिटली. विजेचे खांब. गोदामं. किती दिवसांनी त्याला झोप येत नव्हती. बहात्तर किलोमीटरवर, एका लांब पुलाच्या अलीकडे, पिवळा दिवा विझला. इतका गुपचूप, की तो आधी होता यावरच विश्वास बसू नये. त्याने पूल ओलांडला. पलीकडे एक पेट्रोल पंप होता, तिथे वळायला जागा होती. पुढे अठ्ठ्याऐंशी उरले होते. त्यानंतर अर्धे भरलेले कप, उजवा कान, खिडकी, आणि तो एक प्रश्न, जो या वेळी विचारावाच लागला असता, कारण बाबांनी बोलावलं होतं. मागे बहात्तर. सोमवारी टेंडर उघडायचं होतं. सोमवारी काही ना काही उघडायचं असतंच. त्याने वेग कमी केला, गाडी आत घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि फोन लावला.

बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. “कुठवर आलास?”

“दिवा विझला, बाबा.”

“विझला? वा. कुठे?”

“पुलाजवळ.”

पलीकडे ओठ हलत असतील. “म्हणजे बहात्तर,” बाबा म्हणाले.

“हो. मी म्हटलं, उद्या जरा ऑफिसचं... पुढच्या शनिवारी निवांत येतो. सगळ्यांना घेऊन.”

“हं.” मागे कुणीतरी, बहुतेक नर्सबाई, काही विचारत होत्या, बाबांनी त्यांना काय उत्तर दिलं ते रिसीव्हरवर हात ठेवल्याने ऐकू आलं नाही. मग आवाज पुन्हा आला, सरळ, सपाट, पाळी संपवून वहीत नोंद करावी तसा. “बरं केलंस फोन केलास. गाडीचं काम झालं ना? मग झालं. सावकाश जा.”

तो सावकाश गेला. घरी मुलीची गाणी चालू होती, मिक्सर चालू होता, बायकोने विचारलं, “कसे आहेत बाबा?” आणि तो म्हणाला, “बरे आहेत.” तो खोटं बोलला असंही नव्हतं.

हिशेब एवढाच झाला. गाडीच्या फरकाची रक्कम त्याने भरली, हप्त्याने, न दुखता. परक्याची लेक म्हणवून घेण्याचा खर्च बायकोकडे गेला. तिला अजून बिलही दाखवलेलं नव्हतं. आणि पुलापासून पुढचे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर बाबांनी भरले, जागच्या जागी बसून, रोख.